सारजाबाईचा हिवर

काडीत कडूपणा उरलेलाच नव्हता. दाढेखाली धरून शहादेवनं ती दोनदा चावली, टोकाचा कुंचला झाला, पण जिभेवर लिंब उतरला नाही. उतरली ती नुसती धूळ... या देशात जंगलाची राखण न्यायालयाइतक्या निष्ठेनं दुसऱ्या कुणीही केलेली नाही, प्रत्यक्ष देवानंही नाही — हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं, आणि दरवर्षी वनमहोत्सवात, वडवणीच्या शाळेच्या मैदानावर पोरांना ओळीत उभं करून, भूगोलाचा शिक्षक या नात्यानं तो ते एकाच चालीवर म्हणत असे. वाक्य खरं होतं. त्याची बारीकशी किंमत एवढीच, की घरामागच्या टेकडीवर लिंबाची इतकी झाडं असताना, कोर्टाचा स्टे मिळाल्यापासून तो दातवणाच्या काड्या वडवणीच्या आठवडी बाजारातून विकत आणत होता. विकणारी म्हातारी त्या कुठल्या झाडाच्या तोडून आणते, हे त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. कायदा पाळणाऱ्या माणसानं काही गोष्टी विचारायच्या नसतात.

"कावून थुकीत न्हाईत ते? कवाचं चघळायलात," शिवकन्या म्हणाली. टँकरच्या पाण्याचा हंडा तिनं ओट्यावर ठेवला, पदरानं मान पुसली, आणि मग त्याच्याकडं न बघता सांगितलं, "पाटलाची सारजाबाई गेली. पहाटं."

त्याला ते माहीत होतं. वरच्या आळीतून बायकांचा गळा त्यानं अंथरुणातच ऐकला होता, आणि तेव्हापासून तो उठून बसला होता, आणि काडी तोंडात धरली होती, आणि वाट बघत होता — कशाची ते मात्र स्वतःला सांगत नव्हता. गावात माणूस मेलं की त्याच्या पोटात पहिल्यांदा दुःख होत नसे. पहिल्यांदा त्याला टेकडी आठवायची. हे बरोबर नाही हे त्याला कळत होतं. पण स्टे त्याच्या नावावर होता.

टेकडीवर भैरोबाचं बन. हिवर, धावडा, खैर, लिंब, मधूनमधून बोरीची जाळी. बनातली काटकी मोडायची नाही, पडलेलं पानही चुलीत घालायचं नाही, असा गावाचा दंडक. आणि दंडकाला एकच सवलत — गावात मयत झालं तर बनातलं एक झाड, तेही वाळलेलंच, सरणासाठी घ्यायचं. बनातलं लाकूड लागलं की माणूस सुटतो. त्यामुळं साठीच्या पुढची माणसं बनात जाऊन आपापलं झाड बघून ठेवत, बुंध्याला चुन्याचं कडं काढत, आणि मग झाड आधी वाळतं की आपण, याची वाट बघत बसत. दुष्काळी मुलखात माणसाला वाट बघण्याची सवय असतेच. तिला एक झाड मिळालं इतकंच.

गाव म्हणजे अर्थात गावठाणातलं गाव. नदीकडच्या वस्तीतल्या मेलेल्यांना बनातलं लाकूड कधी लागलं नाही. वस्तीनं ते फक्त तोडलं आणि वाहिलं. शहादेवचा आजा पाटलाच्या मढ्यांची लाकडं खांद्यावर आणायचा, बाप आश्रुबा मिसरूड फुटेपर्यंत त्याच्या मागून चालायचा. मग छप्पन्न साल आलं, वस्तीनं दीक्षा घेतली, आणि आश्रुबानं चावडीसमोर कुऱ्हाड खाली ठेवून सांगितलं — मयताचा सांगावा न्हाई, मेल्या ढोराची पड न्हाई, मढ्याचं लाकूड न्हाई. तुमचं मढं, तुमी वाहा. त्यावर गावानं वस्तीचं पाणी तोडलं, एकमेकांवाचून कुणी मरत नाही हे दोन्ही बाजूंना कळेपर्यंत एक उन्हाळा गेला, आणि मग गाव आपली लाकडं आपण वाहायला शिकलं. आश्रुबानं कुऱ्हाड परत उचलून आणली ती भिंतीला टांगली. ती अजून टांगलेली होती. शिवकन्या दर दिवाळीला तिच्यावरची जाळी झाडायची.

आणि मग सहकार आला. ज्या तालुक्यातली निम्मी माणसं दिवाळी झाली की दुसऱ्यांचा ऊस तोडायला निघून जातात, त्या तालुक्याला स्वतःचा साखर कारखाना असलाच पाहिजे, हा विचार सर्जेरावांना सुचला. सर्जेराव म्हणजे सारजाबाईचा थोरला मुलगा. कारखान्याला ऊस लागतो आणि उसाला पाणी लागतं, हा तपशील पुढं बघायचा होता. आधी चेअरमन, संचालक मंडळ, जीप आणि फलक झाला. फलकावर नावाच्या आधी 'नियोजित' असं लिहिलेलं होतं, आणि इतक्या वर्षांत उन्हानं बाकीची अक्षरं उडाली तरी तो शब्द शाबूत होता. जागा ठरली टेकडी. टेकडीवर झाडं होती म्हणून झाडं तोडायचं ठरलं. शहादेव औरंगाबादला खंडपीठात गेला. खंडपीठ म्हणालं, जैसे थे.

"ओ," शिवकन्या हळू आवाजात म्हणाली. "बघा कोण आलंय."

अंगणाच्या कडेला सर्जेराव उभे होते. अनवाणी, खांद्यावर कोरं उपरणं, डोक्याला काही नाही. टोपीशिवाय ते डोकं शहादेवनं पहिल्यांदा बघितलं — मधोमध केस गेलेले, लहान, एखाद्या म्हाताऱ्या पोराचं असावं तसं. मागं त्यांच्या जीपवरचा सटवा, हातात मोबाइल. घरात मढं ठेवून थोरल्या मुलानं उंबऱ्याबाहेर पडू नये, आणि हा माणूस नदीकडच्या वस्तीत चालत आला होता... जीप असताना.

"मास्तर," सर्जेराव म्हणाले. "आई गेली."

"कळलं, आण्णा."

"रातच्याला शुद्धीत व्हती. म्हणली, माझ्या झाडाचं जाईच्या लेकाला इचार." ते थांबले. "तर इचारायला आलोय."

काडी अजून तोंडातच होती. ती काढावी की नाही, हे शहादेवला सुचेना. काढली तर बोलावं लागलं असतं.

"लई काय न्हाई, सर," सटवा पुढं झाला. "एकच झाड. त्येबी वाळल्यालं. तुमी नुसतं येऊन हुबं ऱ्हायचं. तुमीच केस टाकल्याली, तुमीच हुबे म्हणल्यावर कोर्टाला सांगायला कोण जातंय?"

"पुढच्या आठवड्यात तारीख आहे," शहादेव म्हणाला.

"तारखंचं म्या बोलायलोय का?" सर्जेराव म्हणाले. रागानं नाही, थकून. "आईचं बोलायलोय."

आणि मग शहादेवच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे त्याच्या वस्तीनं पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याकडून, तहसीलदाराकडून, बँकेच्या साहेबाकडून ऐकलं होतं आणि जे आपल्याही तोंडात इतकं तयार बसलेलं असेल याची त्याला कल्पना नव्हती. तो म्हणाला, "बघून सांगतो."

सर्जेरावांनी मान हलवली, जशी असल्या वाक्यावर माणसं हलवतात. "इचारलं म्या," ते म्हणाले आणि वळले. बोळाच्या तोंडाशी सटवाचा आवाज आला, मुद्दाम ऐकू येईल इतका — "काय दिस आले बे. आज्यानं वाह्यली लाकडं, आन् आता नातवाला इचारून न्यायची." आणि सर्जेरावांचा, "गप बे."

अंगणात ऊन आत येत होतं. शिवकन्या हंड्यावर फडकं बांधत म्हणाली, "बरं वाटलं न्हवं?"

"काय?"

"त्ये दारात हुबं ऱ्हायल्यालं."

"काहीतरी बोलू नको. माणसाची आई मेली आहे."

"म्या कुटं न्हाई म्हणलं," ती म्हणाली आणि आत गेली. शिवकन्या घाटनांदूरची, या गावच्या झाडांशी आणि मढ्यांशी तिचा लग्नानं आलेला संबंध होता, त्यामुळं तिला पुष्कळ दिसायचं.

वकीलसाहेबांनी फोन लगेच उचलला. शहादेवनं सगळं सांगितलं.

"सर, जैसे थे म्हणजे जैसे थे. त्यात मयत बसत नाही."

"झाड वाळलेलं असलं तर—"

"वाळलेलं असो नाहीतर हिरवं. त्यांचा बचाव काय आहे, सांगा? हे वन नाहीच. ही गावची सरपणाची जागा आहे, लोक पिढ्यान्‌पिढ्या इथून मयतासाठी लाकूड नेतात. आपण इतकी वर्षं भांडतोय की वन ते वन, कागदावर काहीही लिहिलेलं असू दे. आता अर्जदारच बुंध्याजवळ उभा आहे, झाड पडतंय, आणि कुणीतरी मोबाइलवर फोटो काढलाय... एक फोटो, सर. आपण घरी, टेकडी कारखान्याला."

शहादेवनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वारलं कोण म्हणालात?"

"प्रतिवादीची आई. चेअरमनची."

"अरेरे. माझ्या सहवेदना कळवा," वकीलसाहेब म्हणाले. "तोंडी. लेखी काही देऊ नका."

तो टेकडीकडं निघाला तेव्हा त्याला वाटत होतं की आपण विचार करायला चाललो आहोत. खरं म्हणजे त्याला झाड बघायचं होतं. सटवा म्हणाला वाळलेलं. पण सटवानं ते बघितलं होतं कुठं? या उन्हाळ्यात बनात वाळलेलं काय आणि जितं काय, सगळं सारखंच दिसत होतं — आणि झाड जर जितं असेल, आतून ओलं असेल, तर दंडकानंच ते घेता येत नाही. म्हणजे नाही म्हणायचं काम भैरोबा करील. कोर्टानं करायला नको. आपण करायला नको... पायवाटेवर चढ लागला तशी त्याला ही कल्पना फार आवडू लागली, आणि इतकी आवडली म्हणून तिचा संशय येऊ लागला.

सापळा असेल का? सहकारात उभी हयात गेलेला माणूस. गेल्या निवडणुकीत मेलेल्या सभासदांनी मतदान केलं होतं, असं लोक म्हणत. मेलेल्यांचा उपयोग सर्जेरावांना शिकवायला नको होता. तरी पण स्वतःची आई? पण ते उघडं डोकं. पण सटवाच्या हातातला मोबाइल. पण अनवाणी. त्याचं मन तागडीसारखं वरखाली होत राहिलं, आणि त्याला जाणवलं की सर्जेराव सापळा लावत असतील तर आपल्याला किती सोपं जाईल. लबाड माणसाला नाही म्हणण्यासारखं सुख नाही. अडचण होईल ती त्यांना खरंच दुःख झालं असेल तर.

बनाच्या तोंडाशी पत्र्याची पाटी होती. वृक्षतोडीस सक्त मनाई, न्यायालयाच्या आदेशावरून. पाटीच्या खांबाला एक शेळी अंग घासत होती. तिनं शहादेवकडं बघितलं आणि घासणं चालू ठेवलं. आत गेल्यावर आवाज बदलला. पान म्हणून नव्हतं कुठं. फांद्यांची नुसती सावली जमिनीवर पडली होती, फाटक्या जाळ्यासारखी, आणि त्या सावलीला थंडावा नव्हता. वरून आजूबाजूच्या टेकड्या दिसत. त्या टेकड्यांसाठी कुणी कोर्टात गेलेलं नव्हतं, आणि त्या हजामत केल्यासारख्या दिसत होत्या; खाली फलकाजवळ, कारखान्याच्या ऊसगाड्यांच्या तळाची जागा म्हणून आखलेल्या मैदानात, या वर्षी जनावरांची चारा छावणी उभी होती — चेअरमन तेच. आणि या सगळ्या भाजलेल्या मुलखात ही एक टेकडी करडी का होईना, झाडांची होती. ते कोर्टानं केलं होतं. ते मी केलं होतं. खोटं नव्हतं ते... वनमहोत्सवातलं वाक्य खरं होतं, आणि तरी ज्या दिवशी स्टे मिळाला त्या दिवशी तो झाडं बघायला इथं आला नव्हता. एस्टीतून उतरून तो नदीकडच्या जवळच्या वाटेनं न जाता वरच्या आळीनं गेला होता, चावडीवरून, हळू, पिशवी या हातातून त्या हातात घेत. कुणी काही बोललं नव्हतं. न बोलणं ऐकत तो घरी आला होता, आणि त्या रात्री त्याला फार छान झोप लागली होती.

शिवकन्या खरं बोलली होती. विचारलं होतं कुणीतरी. जे लाकूड आज्यानं न विचारता तोडलं, न विचारता वाहिलं — म्हणजे आज्याला कुणी विचारलं नाही — त्या लाकडासाठी पाटलाचा थोरला अनवाणी आला होता...

सारजाबाईचा हिवर त्याला शोधावा लागला नाही. तो हिवर त्याला बहात्तरपासून माहीत होता.

टेकडीच्या पायथ्याशी दुष्काळी खडीचं काम निघालं होतं. ज्यांच्या घरी कणग्या रिकाम्या झाल्या ते सगळेच कामावर; गावठाणातले आणि नदीकडचे, दुष्काळानं एका ओळीत बसवले होते, तेवढं कुठल्याही सुधारकाला जमलं नव्हतं. सारजाबाई पाटलीण डोक्यावर पदर ओढून खडी फोडायची, शेजारच्या ढिगावर जाई — माझी आई. दुपारी सुकडी वाटली की दोघी चढून या हिवराखाली येत. आणि एका दुपारी, शहादेव तेव्हा दहा वर्षांचा, मांडीवर सुकडी सांडत बसलेला, सारजाबाईचा पाण्याचा तांब्या कलंडला. तिनं ओल्या मातीकडं बघितलं. मग जाईच्या डेऱ्याकडं बघितलं. मग इकडं तिकडं. "जाई," ती म्हणाली, "दे की गं." जाई हलली नाही. तशी तिनंच हात लांब करून डेऱ्यावरचा गडू घेतला, बुडवला आणि तोंड लावून प्यायली. घोट घशातून उतरताना दिसत होते. पिऊन झाल्यावर ती हसली, आणि काहीतरी बोलायचं म्हणून झाडाच्या बुंध्यावर हात मारून म्हणाली, "हे माझं झाड. म्या बघून ठिवलंय. तुझं कंचं गं, जाई?"

जाईनं हसून गडू उलटा करून वाळत ठेवला. "आमाला कुटलं झाड, पाटलीणबाई? आमाला गवऱ्या."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. पाणी पुन्हा वरून पडायला लागलं — आभाळातून सगळ्यांना, आणि सारजाबाईच्या तांब्यातून आमच्या ओंजळीत. त्या दुपारबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. पण जाई गेली तेव्हा, स्टे असताना, सारजाबाई काठी टेकत वस्तीच्या बोळापर्यंत आली होती आणि तिथंच उभी राहिली होती, पुढं नाही, मागं नाही. जाईला शहादेवनं वडवणीच्या वखारीतल्या लाकडावर जाळलं. बनातलं लाकूड तिला कोर्टाच्या आधी गावानं दिलं नसतं. कोर्टानंतर मी घेतलं नाही. तो त्याला तेव्हा तत्त्वाचा प्रश्न वाटला होता. सरण पेटताना त्यानं टेकडीकडं बघितलं नव्हतं, आणि न बघायला मान बरीच आवळून धरावी लागली होती.

झाडाच्या बुंध्याला चुन्याचं कडं होतं, पुसट. आणि कड्याच्या वर, हात पोचेल तिथं, साल ओरबाडलेली — एकावर एक, जुन्या खुणा काळ्या पडलेल्या, त्यांच्यावर नव्या, त्यांच्यावर अजून नव्या. शहादेव बघत राहिला. नखाच्या खुणा होत्या त्या. झाड जितं की मेलं हे बघायची रीत तीच — नखानं साल खरवडायची, आत हिरवी रेघ दिसली तर जितं. म्हणजे ती येत होती. दरसाल, चढ चढवेपर्यंत, म्हातारी इथं येऊन झाड मेलं का बघत होती, आणि हिरवी रेघ दिसली की परत जात होती. निराश होऊन? की...

त्यानं आधी शेजारच्या खैराला नख लावलं. पातळ, दोऱ्यासारखी, पण हिरवी. धावड्याला लावलं. हिरवी. बाहेरून सगळं बन मेल्यासारखं दिसत होतं आणि आतून कोर्टाचा हुकूम पाळत होतं. मग तो हिवरापाशी आला, आणि नख सालीवर टेकवून तसाच उभा राहिला. हिरवं निघू दे, असं तो कुणाला म्हणाला ते त्याचं त्याला कळलं नाही. त्याच्या घरात देव नव्हते. हिरवं निघू दे, म्हणजे मी खाली जाऊन सांगीन, आण्णा, झाड जितं आहे, माझ्या हातात काही नाही.

त्यानं खरवडलं. साल सुटून हातात आली, हलकी, आणि आत तंबाखूसारखा भुगा होता. वरच्या बाजूला खरवडलं. तिथंही. फांदी वाकवली, ती वाकली नाही, मोडली, टाळी वाजल्यासारखा आवाज झाला आणि शेळी पाटीपासून पळाली.

दुपार टेकडीवर येऊन बसली होती. तो त्या झाडाखाली, जिथं सावली अशी नव्हतीच, तिथं बसला. हातातली मोडलेली फांदी लपवावी असं त्याला आधी वाटलं, मग हसू आलं, मग आलेलं हसू कुठंतरी आत जाऊन दुसरंच काही झालं. झाड मेलं होतं. दंडक नाही म्हणत नव्हता, भैरोबा नाही म्हणत नव्हता. आता फक्त मी.

नाही म्हणावं. टेकडी वाचेल. सर्जेरावांच्या आईला वखारीचं लाकूड लागेल, जाईला लागलं तसं. सारखा न्याय. त्यानं हा न्याय मनात दोनतीनदा फिरवून बघितला, आणि प्रत्येक वेळी तो काडीसारखा लागला, चव गेलेला. हो म्हणावं... हो म्हटलं तर फोटो निघेल, निघू दे. इतक्या वर्षांच्या तारखा, एस्टीच्या फेऱ्या, रजा, शाळेतली बोलणी, सगळं त्या एका फोटोत जाईल. टेकडी हजामत केल्यासारखी होईल, आणि तिच्यावर नियोजित कारखाना येणार नाही तो नाहीच. आणि पोरांसमोर दरवर्षीचं वाक्य? ते म्हणता येणार नाही. हे सगळं त्याला स्वच्छ दिसत होतं, नकाशासारखं. तरी त्याच्या कानात गडू उलटा ठेवल्याचा आवाज होता. तुझं कंचं गं, जाई? साऱ्या गावात, साऱ्या जन्मात, जाईला हा प्रश्न विचारणारं एकच माणूस निघालं होतं, आणि त्या माणसानं मरताना पुन्हा विचारायला पाठवलं होतं.

मोठेपणा मिळेल म्हणून हो म्हणतोयस का? नाही म्हणण्यात सूड होता, हो म्हणण्यात त्याहून मोठा सूड होता — त्याला ते कळलं, तो कळून थांबला, आणि तरीही त्याच्याखाली काहीतरी उरलं, ज्याला सूड म्हणता येईना. त्याला नाव शोधत बसायला वेळ नव्हता. खाली गावात मढं उन्हात होतं.

उतरताना तो वाक्य तयार करत होता. 'माझी हरकत नाही' — हे कोर्टाचं झालं. 'तोडा' — हा हुकूम. आज्याच्या नातवानं पाटलाला हुकूम सोडावा, याचीही त्यानं पायवाटेच्या एका वळणापुरती मजा घेतली आणि मग ते सोडून दिलं. पाटीपाशी येईस्तोवर त्याला सापडलं. "न्या, आण्णा. आईचंच आहे." तो मोठ्यानं म्हणाला. ठीक वाटलं. पुन्हा म्हणाला. मी उभा राहीन, फोटो काढा, काय काढायचे ते काढा. छातीत काहीतरी सैल होत होतं, इतक्या वर्षांत आपण किती आवळून चाललो हे त्याला पायांवरून कळत होतं. पाय आपोआप पळत होते.

मग नदीच्या बाजूला धूर दिसला.

नदी म्हणजे वाळू. वाळूवर माणसं पांगून उभी होती, उन्हामुळं जी ती आपापल्या सावलीवर. सरण चांगलं धरलं होतं. लाकूड चिरलेलं होतं, सारख्या मापाचं, टोकाला वखारीचा तांबडा रंग लावलेला — तो रंग जळताना जरा वेळ हिरवट दिसतो हे शहादेवला माहीत होतं, त्यानं ते आधी एकदा बघितलं होतं. कडेला टेम्पो उभा होता. सटवा टेम्पोच्या सावलीत मोबाइल कानाला लावून छावणीच्या चाऱ्याचं कुणाशी तरी बोलत होता.

सर्जेराव वाळूत बसले होते. शहादेव त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला, मग बसला.

"सांगायला आलो होतो," तो म्हणाला.

"काय?"

"झाडाचं."

"आसं व्हय." सर्जेरावांनी डोक्यावरून हात फिरवला, टोपी नाही हे हाताला आठवत नसावं. "लाकूड सकाळीच सांगितलं व्हतं वडवणीला. तुमच्याकडं यायच्या आदी. ह्या उन्हात मढं किती येळ ठिवायचं?"

"मग इचारलं कावून?" इतक्या वर्षांत शहादेव त्यांच्याशी शाळेची भाषा बोलत आला होता; हे त्याच्या तोंडून जाईच्या बोलीत गेलं.

"आई म्हणली इचार," सर्जेराव म्हणाले. "तोड म्हणली न्हवती."

ते आगीकडं बघत राहिले. उत्तर काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही. आता विचारतील, मग विचारतील, म्हणून शहादेव बसून राहिला. 'न्या, आण्णा' तोंडात तयार होतं, तेवढं टेकडीवरून पळत आणलेलं, आणि ते ठेवायला आता कुठं जागा नव्हती. थुंकता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं. कुणीतरी पाण्याचा तांब्या फिरवत त्याच्यापर्यंत आलं. त्यानं हात पुढं केले ते ओंजळ करूनच. देणारा घोटाळला, मग तांब्याच त्याच्या हातात देऊन पुढं गेला. शहादेव तांब्या धरून बसला. पाणी कोमट होतं. त्यानं तोंड लावलं की नाही हे त्याला नंतर आठवेना.

उठताना त्याच्या लक्षात आलं की हिवराची ती मोडलेली फांदी अजून आपल्या बगलेत आहे. सरणात टाकावी म्हणून तो दोन पावलं पुढं झाला. टेम्पोच्या सावलीतून सटवानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. शहादेवनं फांदी सदऱ्याच्या आत ढकलली आणि घरी आला.

पुढच्या आठवड्यातली तारीख पुढच्या तारखेसाठी पडली. स्टे कायम आहे. सारजाबाईचा हिवर मुळापासून शेंड्यापर्यंत वाळलेला असून त्याला हात लावण्यास सक्त मनाई आहे.